चार पात्यांचे विमान आणि त्याचे हौशी कारागीर

'ड्रोन' हा शब्द आता लग्नाच्या मांडवापासून शेताच्या बांधापर्यंत सर्वांच्या तोंडी झाला आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये तोफखान्याच्या सरावासाठी वैमानिकावाचून, बिनतारी आज्ञेवर उडणारे एक विमान सिद्ध झाले. त्याचे नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी असे होते. त्या राणीमाशीवरूनच पुढे अशा सर्व विमानांस 'ड्रोन' म्हणू लागले असे सांगतात. प्रस्तुत लेखात आम्हांस सैन्याच्या अथवा व्यापारी कंपन्यांच्या ड्रोनविषयी लिहावयाचे नाही. घरच्या मेजावर सुटे भाग जुळवून, हाताने तारा झाळून जे लोक आपले विमान आपणच बांधतात आणि मोकळ्या माळावर जाऊन उडवितात, त्या हौशी मंडळींच्या विद्येविषयी चार गोष्टी सांगाव्या, एवढाच आमचा हेतू आहे. ही विद्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानापलीकडची नाही. किंबहुना त्या पुस्तकातील कित्येक नियम हाताला प्रत्यक्ष लागावेत असे याहून चांगले साधन आम्हांस तरी ठाऊक नाही.

प्रथम यंत्राची रचना पाहू. हौशी लोकांचा नेहमीचा ड्रोन म्हणजे इंग्रजी एक्स या अक्षरासारखा एक सांगाडा असतो. त्याच्या चार टोकांस चार विद्युत् मोटारी आणि प्रत्येक मोटारीवर एक पाते. मध्यभागी एक बॅटरी, एक बिनतारी संदेश घेणारा लहानसा ग्राहक आणि टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी एक पट्टी असते. तिला उड्डाणनियंत्रक म्हणतात. हेलिकॉप्टरच्या मोठ्या पात्याचा तिरकेपणा प्रत्येक फेऱ्यात बदलणारी जी गुंतागुंतीची यंत्रणा असते, तिचा येथे मागमूसही नाही. हलणारे भाग चारच, आणि त्यांनी एवढेच करावयाचे की कधी वेगाने फिरावे, कधी सावकाश.

चारही पाती एकाच दिशेने फिरत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समोरासमोरच्या, म्हणजे कर्णावरील दोन मोटारी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि उरलेल्या दोन उलट दिशेने. याचे कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. मोटार पात्यास एका दिशेने फिरविते तेव्हा पाते मोटारीस, आणि मोटारीबरोबर साऱ्या सांगाड्यास, उलट दिशेने फिरवू पाहते. चारही पाती एकाच अंगाने फिरली असती तर सांगाडाही भोवऱ्याप्रमाणे गरगरत राहिला असता. दोन एकीकडे आणि दोन दुसरीकडे फिरविल्याने हा पीळ परस्पर नाहीसा होतो. आता गंमत पाहा. मुद्दाम डावी-उजवीकडे तोंड वळवावयाचे असल्यास एका कर्णावरील जोडी किंचित जोराने आणि दुसरी तितकीच सावकाश फिरवावयाची. उचल तेवढीच राहते, पण पिळाचा तोल बिघडतो आणि यंत्र जागच्या जागी वळते. पुढे जावयाचे तर मागच्या दोन मोटारींचा वेग वाढवावयाचा आणि पुढच्या दोहोंचा कमी करावयाचा. यंत्र पुढे कलते आणि पात्यांचा जोर थोडा मागे ढकलू लागतो. सुकाणू नाही, शेपूट नाही, सारे काम चार वेगांच्या हिशेबावर चालते.

पाते केवढे असावे या प्रश्नात मोठे मजेदार गणित आहे. पाते हवा खाली ढकलते आणि त्या प्रतिक्रियेने यंत्र वर तोलले जाते. एका सेकंदात पुष्कळ हवा सावकाश ढकलली काय, अथवा थोडी हवा जोराने ढकलली काय, उचल सारखीच मिळू शकते. पण खर्च सारखा येत नाही. उचल ही हवेच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि त्या हवेत ओतावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून तेवढेच वजन तोलावयास मोठे, संथ पाते नेहमीच स्वस्त पडते. ६५० ग्रॅम वजनाचा, पाच इंची पात्यांचा ड्रोन हवेत स्थिर ठेवावयास आदर्श स्थितीत सुमारे ४६ वॅट शक्ती लागते. पात्यांचा व्यास दुप्पट, म्हणजे दहा इंच केला आणि वजन तेच राखले, तर २३ वॅट पुरतात. प्रत्यक्षात पात्यांचे घर्षण आणि मोटारींतील उष्णता यांमुळे हा आकडा सुमारे दुपटीवर जातो. तरी प्रमाण साधारण तेच राहते. मग सर्वजण मोठीच पाती का लावीत नाहीत? कारण मोठ्या पात्याचा वेग चटकन बदलता येत नाही. शर्यतीत झाडांच्या फांद्यांमधून वळणे घेणाऱ्यास लहान, चपळ पाती हवीत आणि शेताचे छायाचित्र घेणाऱ्यास मोठी, शांत पाती हवीत. ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

मोटारीही नेहमीच्या खेळण्यातील मोटारींसारख्या नसतात. तिला घासणारे ब्रश नसतात. चुंबके बाहेरच्या वाटीत बसविलेली असतात आणि ती वाटीच फिरते. आतील वेटोळी स्थिर असतात आणि त्यांतून तीन तारांनी आळीपाळीने प्रवाह सोडला जातो. हा प्रवाह सोडण्याचे काम वेगनियंत्रक करतो. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की मोटार उलट फिरू लागते, ही गोष्ट प्रयोगशाळेत एकदा करून पाहण्यासारखी आहे. मोटारीच्या अंगावर २४०० असा आकडा लिहिलेला असला तर त्याचा अर्थ असा की, पाते न लावता दर व्होल्टमागे ती मिनिटाला २४०० फेरे घेईल. चार घटांची लिथियम बॅटरी १४.८ व्होल्टची असते. गुणाकार केल्यास ३५,५२० फेरे येतात. पाते लावल्यावर हा वेग बराच उतरतो, तरी इतक्या वेगाने फिरणाऱ्या टणक पात्याच्या कडेशी बोट गेल्यास काय होईल, ते सांगण्याचे कारण नाही.

आता मुख्य अडचण. असे यंत्र आपण होऊन मुळीच स्थिर राहत नाही. कागदाचे विमान सोडले तर ते काही अंतर आपले आपण तरंगत जाते, पण चार पात्यांचा ड्रोन नियंत्रकावाचून सोडला तर अर्ध्या क्षणात पालथा होईल. पहिल्या विमानकर्त्यांचे हात येथेच टेकले होते. फ्रान्समध्ये १९०७ साली ब्रेगे बंधू आणि रिशे यांनी चार मोठ्या चक्रांचे यंत्र जमिनीवरून उचलले खरे, पण ते सावरून धरण्यास चार बाजूंनी माणसे उभी करावी लागली. १९२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सैन्यासाठी दे बोथेझात यांनी बांधलेले चार पंखचक्रांचे यंत्र पावणेदोन मिनिटांच्या आसपास हवेत राहिले. ४ मे १९२४ रोजी फ्रान्समध्ये एतिएन एमिशेन यांनी आपल्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा ७ मिनिटे ४० सेकंदांत पुरा केला. हे उड्डाण पुरे झाले खरे, पण त्यात वैमानिकाच्या जिवाला आणि हातापायांना किती काम पडले असेल याची कल्पना करावी. माणसाची बुद्धी येथे कमी पडली असे नव्हे. माणसाचा हात एका सेकंदात शेकडो वेळा चार मोटारींचा वेग बदलू शकत नाही, एवढेच त्या अपयशाचे कारण होते. मग सारे जग एका मोठ्या चक्राच्या हेलिकॉप्टरकडे वळले आणि चार पात्यांचे विमान बरीच वर्षे मागे पडले.

ही अडचण उड्डाणनियंत्रकाने सोडविली. त्यावर तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात कोरलेले दोन संवेदक असतात. यंत्र कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे हे एक संवेदक सांगतो, आणि त्वरण किती व कोणत्या दिशेने आहे हे दुसरा. यांत फिरणारा भोवरा वगैरे काही नसते. केसाहून बारीक कंप पावणारे वस्तुमान असते आणि यंत्र फिरताच त्या कंपाची दिशा किंचित ढळते, तीच मोजली जाते. नियंत्रक हे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा वाचतो, उडविणाऱ्याने मागितलेल्या स्थितीशी ताडून पाहतो आणि जो फरक दिसेल त्याप्रमाणे चारही मोटारींस आज्ञा देतो.

ही दुरुस्ती किती करावयाची याचे शास्त्र आपल्या बडोद्यातील प्रत्येक मुलास उत्तरायणात गच्चीवर नकळत शिकावयास मिळते. पतंग डावीकडे झुकला की आपण मांजा खेचतो. थोडा झुकला तर थोडा खेचतो, फार झुकला तर जोराने. नियंत्रकाच्या हिशेबातील पहिला भाग हाच, चूक जितकी तितकी दुरुस्ती. पण कसलेला पतंगबाज पतंग सरळ होईपर्यंत खेचत बसत नाही. तो वेगाने सरळ होत आहे असे दिसताच आधीच ढील देतो, नाही तर पतंग दुसऱ्या बाजूस जाऊन आपटावयाचा. चूक किती वेगाने कमी होत आहे हे पाहून हात आवरता घेणे, हा दुसरा भाग. आणि एखादा पतंग मुळातच एका अंगाला झुकणारा असला, तर दर वेळी खेचत न बसता आपण त्याच्या दुसऱ्या टोकास कागदाची घडी बांधतो. सतत एकाच बाजूस राहणारी चूक साठवून ठेवून तिच्यावर कायमचा उपाय करणे, हा तिसरा भाग. बॅटरी किंचित एका बाजूस बसली असेल अथवा वारा एकाच दिशेने वाहत असेल, तर त्याचा बंदोबस्त हा भाग करतो. या तीन भागांचे प्रमाण जमविण्यात हौशी मंडळींच्या कित्येक संध्याकाळी जातात. पहिला भाग फार वाढविला तर यंत्र थरथरू लागते, दुसरा वाढविला तर मोटारी तापतात. ओळीने काही उड्डाणे करावीत, प्रत्येक वेळी एकच आकडा बदलावा, आणि उतरल्यावर मोटारींस बोट लावून त्या किती तापल्या ते पाहावे.

हे संवेदक पूर्वी फार महाग असत. मोटारगाड्यांतील सुरक्षापिशव्या, मग मोबाइल दूरध्वनी आणि घरगुती खेळांची यंत्रे यांसाठी ते लाखांनी तयार होऊ लागले तेव्हा त्यांची किंमत उतरली, आणि हौशी लोकांनी ते तेथूनच उचलले. ही हकिकत आम्हांस फार आवडते. जपानी निंटेंडो कंपनीचे 'वी' नावाचे खेळयंत्र २००६ साली निघाले. त्याच्या हातात धरावयाच्या मुठीत हालचाल ओळखणारे संवेदक होते. एका फ्रेंच हौशी कारागिराने त्या मुठी फोडल्या, आतील संवेदक काढून एका स्वस्त संगणकपट्टीस जोडले आणि तीन पात्यांचे यंत्र उडविले. त्याने लिहिलेली आज्ञावली 'मल्टीवी' या नावाने त्याने सर्वांस फुकट देऊन टाकली. आज शर्यतीचे ड्रोन ज्या 'बीटाफ्लाइट' आज्ञावलीवर उडतात तिची वंशावळ त्या मुठींपर्यंत जाते. मधल्या काळात एकाने ती नव्या संगणकपट्टीवर चढविली, दुसऱ्याने तिची मांडणी स्वच्छ केली, तिसऱ्याने तिला वेग दिला. कोणासही कोणी पगार देत नव्हते.

दुसरी अशीच शाखा अमेरिकेतील. क्रिस अँडरसन या संपादकांनी २००७ साली आपल्या मुलांबरोबर लेगोच्या खेळण्यातील भाग जुळवून एका लहान विमानास आपोआप उडविणारे यंत्र बसविले आणि त्या नादातून घरगुती ड्रोन बांधणाऱ्यांचे एक मंडळ जमविले. त्या मंडळात होर्दी मुन्योस नावाचा विशीतला एक तरुण आला. मेक्सिकोतील तिहुआना हे त्याचे गाव. अमेरिकेत राहण्याचा परवाना हाती येईपर्यंत त्यास नोकरी करता येत नव्हती. रिकाम्या वेळात त्याने त्याच 'वी'च्या मुठीतील संवेदकांनी एक खेळण्यातील हेलिकॉप्टर सावरून दाखविले. अँडरसन यांनी त्यास न भेटताच पाचशे डॉलरचा धनादेश पाठविला आणि २००९ साली दोघांनी मिळून कंपनी काढली. ती कंपनी पुढे नावारूपास आली, चीनच्या डीजेआय कंपनीच्या तयार ड्रोनांपुढे टिकली नाही, आणि २०१६ च्या सुमारास तिने ड्रोन बांधणे सोडले. परंतु त्या मंडळातून निघालेली 'आर्डूपायलट' ही आज्ञावली मात्र कंपनीबरोबर बुडाली नाही, कारण ती कोणा एकाच्या मालकीची नव्हतीच. तिच्या परवान्याची अट अशी आहे की कोणीही ती घ्यावी, बदलावी, पण बदललेली प्रत दुसऱ्यास दिल्यास बदलही उघड करून द्यावेत.

अशा मंडळींच्या हातून काय होऊ शकते त्याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात किंगारॉय या गावी घडले. तेथे २००७ पासून एक स्पर्धा भरत असे. रानात हरवलेल्या माणसाच्या जागी एक बाहुला ठेवीत, त्याचे नाव 'आउटबॅक जो'. वैमानिकावाचून उडणाऱ्या विमानाने कित्येक किलोमीटर दूर जाऊन तो शोधावयाचा आणि त्याच्याजवळ किमान अर्धा लिटर पाण्याची बाटली टाकावयाची. ऐकावयास सोपे, पण वर्षामागून वर्षे बक्षीस तसेच पडून राहिले. कोणाचे विमान सीमेबाहेर गेले, कोणाचा संदेश तुटला, कोणास जो दिसलाच नाही. कॅनबेरा येथील हौशी लोकांच्या एका चमूने २०१२ साली जोचा ठावठिकाणा लावला. या चमूत अँड्र्यू ट्रिजेल हे संगणकशास्त्रज्ञ होते. संगणकांस एकमेकांच्या फायली वाचू देणारी 'सांबा' ही आज्ञावली त्यांनीच प्रथम लिहिली. २०१४ साली याच चमूने जो शोधला, बाटली टाकली आणि स्पर्धा जिंकली. त्यांचे विमान चार पात्यांचे नसून पंखांचे होते, पण त्यातील नियंत्रक आर्डूपायलटच चालवीत होता. विशेष हे की, आपले काय चुकले, काय साधले, कोणता भाग कसा जोडला हे सारे त्यांनी लिहून उघड केले, प्रतिस्पर्ध्यांसही.

मंडळ म्हटले की शिस्त आली. बिनतारी विमानांच्या जुन्या मंडळांत एक साधी प्रथा होती. त्या काळी प्रत्येक प्रेषक एका ठराविक कंपनसंख्येवर चाले. दोघांचे प्रेषक एकाच कंपनसंख्येवर सुरू झाले की हवेतील विमान कोणाचे ऐकावे हे न कळून खाली कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा टांगलेला असे आणि त्यावर प्रत्येक कंपनसंख्येचा क्रमांक लिहिलेला, कपडे वाळत घालावयाचा एकेक चिमटा. ज्याच्या हाती तो चिमटा असेल त्यानेच त्या कंपनसंख्येवर प्रेषक सुरू करावयाचा. चिमटा फळ्यावर नसेल तर, कितीही घाई असली तरी, थांबावयाचे. २००५ नंतर नव्या पद्धतीचे प्रेषक आले. ते आपली कंपनसंख्या आपणच सांभाळतात, त्यामुळे चिमटे गेले. परंतु ड्रोनवरील कॅमेऱ्याचे चित्र डोळ्यांवरच्या चष्म्यात पाहून उडविण्याची रीत आली आणि जुनी अडचण नव्या रूपाने परत आली. एकाने आपल्या चित्रप्रेषकास वीज जोडली आणि तो दुसऱ्याच्याच वाहिनीवर असला, तर त्या दुसऱ्यास हवेत एकाएकी काहीच दिसेनासे होते. म्हणून आजही चांगल्या मंडळांत बॅटरी जोडण्यापूर्वी मोठ्याने आपली वाहिनी सांगतात आणि होकार आल्यावाचून जोडीत नाहीत. चष्मा लावून उडविणाऱ्याजवळ, उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे पाहणारा एक सोबती उभा असावा, हा नियमही असाच. चष्म्यात समोरचे दिसते, पण मागून येणारे मूल, घार अथवा हेलिकॉप्टर दिसत नाही.

फुकट वाटलेल्या विद्येस दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. २०२२ पासूनच्या युक्रेनच्या युद्धात शर्यतीच्या ड्रोनांसारखेच लहान ड्रोन स्फोटके बांधून हजारोंनी वापरले गेले. १ जून २०२५ रोजी युक्रेनने रशियाच्या दूरदूरच्या विमानतळांवर जो ड्रोनहल्ला केला त्याच्या चित्रफितींत आर्डूपायलटचा पडदा जाणकारांनी ओळखला. आर्डूपायलट लिहिणाऱ्यांनी शस्त्रे बनविण्यास जाणूनबुजून साहाय्य करावयाचे नाही असा आपसांत नियम केलेला आहे. पण उघड्या परवान्याची वस्तू कोण घेतो यावर त्यांचा ताबा नाही. कोणी म्हणतात की आक्रमकापासून देश राखण्यास तिचा उपयोग झाला तर वावगे काय? कोणी म्हणतात की शोधकार्यासाठी लिहिलेल्या ओळी बॉम्ब नेण्यास लागल्या, हे दुःखच आहे. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ही विद्या हाती घेणाऱ्या मुलाने हा प्रश्न लपवून ठेवू नये, एवढे मात्र आम्ही म्हणू.

आता घरी बांधू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. बाजारात तयार ड्रोन मिळत असताना बांधण्याची उठाठेव कशाला, असे पालक विचारतील. तयार ड्रोन छान छायाचित्रे घेतो, यात शंका नाही. पण तो बिघडला की पेटीत घालून दुकानी पाठवावा लागतो, आणि मूल होते तेथेच राहते. आपल्या हाताने बांधलेला ड्रोन पहिल्याच आठवड्यात पडतो, त्याची भुजा मोडते, आणि ती बदलताना मुलास स्क्रूच्या मापापासून विद्युत्प्रवाहापर्यंत पाच गोष्टी कळतात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन काढले ते असेच हाताचे शिक्षण मिळावे म्हणून. शिवाय ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणण्यास बंदी केली, सुट्या भागांस मात्र मोकळीक ठेवली. त्यामुळे बांधणाऱ्यांची बाजू उलट बळकट झाली.

सुरुवात लहान करावी. तळहाताएवढा, तीस ग्रॅमच्या आतबाहेरचा, पात्यांभोवती कडे असलेला ड्रोन वर्गखोलीतही उडविता येतो आणि भिंतीवर आपटला तरी फारसे काही मोडत नाही. त्याआधी संगणकावरील उड्डाणाच्या नकली खेळात काही तास घालवावेत, तेथे पडण्यास पैसे लागत नाहीत. मोठा ड्रोन बांधताना कार्बनतंतूच्या सांगाड्याविषयी एक सावधगिरी बाळगावी. कार्बन लाकडासारखा दिसला तरी त्यातून वीज वाहते. उघडी तार त्यास टेकली की प्रवाह आडमार्गाने जातो आणि सारे जळते. त्याच कारणाने बिनतारी लहरीही तो अडवितो, म्हणून ग्राहकाची तार सांगाड्याबाहेर काढावी. कथलाचा डाख चकचकीत आणि पसरट बसावयास हवा. गोळा होऊन मातकट दिसला तर तो धरलेला नाही असे समजावे.

प्रथम बॅटरी जोडताना एक जुनी युक्ती फार उपयोगी पडते. आपल्याकडील वायरमन संशयित जोडणी तपासताना मध्ये दिवा घालतात, ती 'सिरीज'ची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. तसाच मोटारगाडीचा एक बारा व्होल्टचा दिवा बॅटरी आणि ड्रोन यांच्यामध्ये ओळीने जोडावा. कोठे तारा चिकटल्या असतील तर दिवा लखकन पेटतो आणि सारा प्रवाह तोच अडवून धरतो. ड्रोन वाचतो. दिवा क्षणभर उजळून विझला तर जोडणी ठीक आहे. आणि मेजावर असेतोवर पाती कधीही लावू नयेत. मोटारीची दिशा पाहावयाची असो की नवी आज्ञावली भरावयाची असो, पाती पेटीतच असावीत. या छंदातील बहुतेक कापलेली बोटे मैदानावर नव्हे, घरच्या मेजावर कापलेली असतात.

बॅटरीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. लिथियमच्या प्रत्येक घटाचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, तो याहून वर नेऊ नये. उडताना तो ३.५ च्या सुमारास आला की उतरावे. महिनाभर ठेवावयाची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी. भरलेली बॅटरी कपाटात ठेवून गावास जाणे बरे नव्हे. फुगलेली, टोचलेली अथवा पडून दबलेली बॅटरी पुन्हा भरू नये. हिची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही आणि धूरही विषारी असतो. म्हणून ती भरताना मोठे माणूस जवळ असावे आणि जागा फरशीची असावी, गादीची अथवा लाकडाची नव्हे.

राहिला कायदा. आपल्या देशात ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरिकांच्या ड्रोन उडविण्यावर सरसकट बंदी आली. १ डिसेंबर २०१८ पासून ती अटींवर सैल झाली. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी वाट बरीच मोकळी केली. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो' असे वर्ग आहेत. नॅनो उडविण्यास, तसेच धंद्यासाठी नसलेला मायक्रो उडविण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही असे त्यांत ठरले. नोंदणी करून ओळखक्रमांक घेणे मात्र हौशी माणसासही सुटलेले नाही. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे पट्टे पाडले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. आमच्या बडोदेकर वाचकांनी येथे थांबून विचार करावा. हरणीचा विमानतळ शहरास लागून आहे. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार ही आपली जुनी वस्ती त्याच्यापासून आठ किलोमीटरांच्या आतच येते. तेव्हा गच्चीवरून पतंग उडविला तसा ड्रोन उडविता येईल असे कोणी समजू नये. शहराबाहेर जावे आणि निघण्यापूर्वी सरकारी नकाशा व त्या दिवशीचे नियम पाहावेत, कारण हे नियम वरचेवर बदलतात.

नियम नुसते कागदी आहेत असे ज्यांस वाटते त्यांच्यासाठी एक हकिकत. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यात समुद्राचे पाणी उचलून आगीवर ओतणारे एक विमान काम करीत होते. आगीचे दृश्य पाहण्याकरिता एका गृहस्थाने वाहनतळाच्या इमारतीवरून आपला लहानसा ड्रोन सोडला. तो दोन-अडीच किलोमीटर दूर गेला, डोळ्यांआड झाला आणि त्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखास मुठीएवढे भोक पडले. वैमानिकांस इजा झाली नाही, विमानही उतरले. पण घरे जळत असताना ते दुरुस्तीसाठी काही दिवस जमिनीवर राहिले. त्या गृहस्थाने पुढे गुन्हा कबूल केला. ड्रोन डोळ्यांसमोरच ठेवावा, हा एकच नियम त्याने पाळला असता तर टक्कर होतीच ना. याउलट लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या नुसत्या वार्तांवरून सुमारे हजार उड्डाणे खोळंबली. तो ड्रोन कोणाचा होता, हे कधीच सिद्ध झाले नाही. एका अविचारी माणसाच्या करणीने सर्व हौशी मंडळींवर संशय येतो, आणि संशयावरून बंदी येते, हे २०१४ ने आपणांस दाखविले आहे.

पहिल्या उड्डाणास पहाटेची वेळ बरी. वारा पडलेला असतो आणि माळावर गुरे आलेली नसतात. पाती घट्ट आहेत ना, चारही योग्य दिशेची आहेत ना, हे बोटाने पाहावे. प्रथम प्रेषक सुरू करावा, मग बॅटरी जोडावी, आणि दहा पावले मागे सरून उभे राहावे. ड्रोनचे तोंड आपल्यापासून दूर असावे, म्हणजे त्याचे डावे ते आपले डावे. गुडघाभर उचलल्यास जमिनीवरून परतणारी हवा त्यास हेलकावे देते, म्हणून भीत भीत तेथेच न ठेवता छातीएवढा वर घ्यावा आणि तेथे अर्धा मिनिट स्थिर धरून पाहावा. मग खाली उतरवावा, मोटारी थांबवाव्यात, बॅटरी सोडवावी आणि चारही मोटारींस हात लावून पाहावा. एखादीच तापलेली असली तर तिचे पाते वाकले आहे, अथवा तिच्या भुजेचा स्क्रू सैल आहे. तो आवळावा आणि मगच दुसरी बॅटरी जोडावी.